नवसू मिस्त्रीची सही

जव्हारात लोक त्याला अर्धा इंजिनेर म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर सगळे 'नवसू मिस्त्री'च म्हणत, कारण संस्थानच्या दरबारचा पंप बिघडो, बग्गीचा आस मोडो, नाहीतर पावसाळ्यात मोखाड्याच्या रस्त्यावरची मोरी खचो, त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. पण त्याची पाठ वळली की चावडीवरचा एखादा रिकामटेकडा डोळा मिचकावून म्हणायचाच, की तो बघा चालला अर्धा इंजिनेर, उरलेला अर्धा घाटावर विसरून आलाय. बाकीचे हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

नवसू मूळचा वावर गावचा. बाप ढवळू डोंगराच्या उतारावर नाचणी करायचा, खाली ओहोळाच्या कडेला थोडं भात. आई पोशी. घरात पुस्तक नावाची वस्तू कधी आली नव्हती. जव्हारच्या दरबारी शाळेत नवसू शिकला तो मामाकडे राहून, आणि मास्तरांच्या डोळ्यांत भरला तो अभ्यासासाठी नव्हे. शाळेच्या विहिरीचा रहाट वर्षभर करकरत होता. एका सुट्टीच्या दिवशी नवसूने तो उतरवला, कणा घासून पुन्हा बसवला आणि कुणाला न सांगता निघून गेला. सोमवारी रहाट मुकाट फिरायला लागला तेव्हा मास्तरांनी चौकशी केली. त्यातून गोष्ट दरबारच्या कारभाऱ्यांपर्यंत गेली, आणि त्यांनी पोराला नाशिकच्या एका उद्योगशाळेत धाडलं. साल एकोणीसशे अठरा. मोखाड्यावरून त्र्यंबकच्या वाटेने तो दोन दिवस चालत गेला.

त्या शाळेत तो सुखात होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सुखाचा प्रसंग फारसा येणार नाही. सकाळी भट्टी पेटायची, दुपारी रंध्याचं काम, संध्याकाळी थोडं रेखाटन आणि हिशेब. पुस्तकं बेताचीच. पुंजा मिस्त्री म्हणून एक म्हातारा उस्ताद होता, तो बोलायचा कमी आणि दाखवायचा जास्त. कानस कशी धरायची हे तो एकदा दाखवी, दुसऱ्यांदा विचारलं तर तोंड फिरवी. मुलांनी पाळीपाळीने एकाच बाकावर, एकाच हत्याराने काम करायचं असे. तिथला एक नियम पुंजाने नवसूला पहिल्याच आठवड्यात ऐकवला होता.

"हत्यारात खोट दिसली तर ती काढून मगच उठायचं. सांगत बसायचं नाही. मागून येणाऱ्याचं बोट तुझ्या भरवशावर असतं."

नवसूने तीन वर्षं हा नियम पाळला. अंगवळणी पडला म्हणण्यापेक्षा तो त्याच्या अंगातच मुरला. सैल झालेला दांडा ठोकून बसवल्याशिवाय, बोथट पटाशीला धार लावल्याशिवाय त्याला बाकावरून उठवत नसे. तिसऱ्या वर्षी तो शाळेत पहिला आला.

आता उद्योगशाळेतल्या पहिल्या नंबरवाल्याला घाटावरचं एक इंजिनिअरी कॉलेज खास परीक्षा घेऊन आत घेत असे. नवसू ती परीक्षा कसाबसा पास झाला. त्या कॉलेजाचं नाव इथे घेत नाही, घेऊन कुणाचं भलं होणार नाही. कारभाऱ्यांनी नवसूला जव्हारला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं कागदावर आणि अटींवर लागायचं. ते म्हणाले, डोंगरातला मुलगा युनिव्हर्सिटीची पदवी घेतो की नाही, हे दरबारला पाहायचं आहे. दरवर्षी कॉलेजकडून प्रगतीचा अहवाल येईल.

"तू पास झालास तर दर दोन वर्षांनी तुमच्यातला एक मुलगा पाठवू. नाही झालास तर हे दप्तर बंद. तुझ्यानंतर कुणी जाणार नाही."

ही गोष्ट नवसूने घरी सांगितली नाही. ती त्याने आपल्याजवळच ठेवली आणि कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा ती त्याच्याबरोबर आत आली.

कॉलेजात त्याला पहिलं काही कळलं असेल तर हे, की इथे कुणी काही करत नाही, सगळे लिहितात. प्रोफेसर बोलत, मुलं लिहीत. तास संपला की मुलं उठून जात. पहिल्या दिवशी तास संपल्यावर नवसू सवयीने मागे राहिला, फळा पुसला, बाकांवरची धूळ झटकली आणि खडूचे तुकडे गोळा करून डबीत भरले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एकाने आपली सायकल त्याच्या हातात दिली आणि सावलीत लावायला सांगितली. नवसूने ती लावली. वर्गात तोच मुलगा शेजारी येऊन बसला तेव्हा दोघांनाही कुठे बघावं कळेना.

वासा वाकतो हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. किती वाकतो हे कागदाला विचारावं लागतं, हे नवीन होतं. प्रोफेसर फळा भरून गणित मांडत आणि शेवटी एक आकडा काढून त्याखाली रेघ ओढत. नवसूला तो आकडा पटायचा, पण मधली वाट दिसायची नाही. इंग्रजीचंही तसंच. हत्यारांची नावं त्याला येत होती, त्या नावांच्या मधले शब्द येत नव्हते. उद्योगशाळेत चूक झाली की लाकूड फुटायचं आणि चूक तिथल्या तिथे दिसायची. इथे तो महिनामहिना चुकत राही आणि परीक्षेचा कागद परत आल्यावरच त्याला ते कळे.

जेवायला खानावळीत त्याचं पान दाराजवळ, वेगळं मांडलं जाई. याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, त्यानेही विचारलं नाही. मुलं तशी वाईट वागत नव्हती. कुणाच्या पेटीचं कुलूप अडकलं, कंपासबॉक्सची खिट्टी सैल झाली की वस्तू नवसूच्या खोलीत येऊन पडे. तो ती नीट करून देई. 'थँक्यू, मिस्त्री' म्हणून मुलगा निघून जाई. पाच महिने रोज ज्यांच्यासोबत तो बसत होता, त्यांतल्या निम्म्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. रात्रंदिवस माणसांत असूनही तो इतका एकटा पूर्वी कधी पडला नव्हता, रानात गुरांमागे असतानासुद्धा नाही.

त्याच्या खोलीत परचुरे नावाचा मुलगा होता. वडील साताऱ्याकडे वकील. परचुरे हुशार होता आणि मनाने मऊ होता. संध्याकाळी तो दिवसभराच्या टिपणांचा अर्थ नवसूला मराठीत सांगायचा, न कंटाळता. त्याच्यामुळेच नवसू पहिल्या वर्षाला दोन विषयांत नापास होऊन, पुन्हा बसून, अखेर पास झाला. परचुरे नसता तर तो पहिल्या दिवाळीलाच परत आला असता. हे परचुरेच्या खात्यावर जमा राहू द्या, कारण पुढे त्याच्याबद्दल दुसरं काही सांगायचं आहे.

मे महिन्यात नवसू वावरला आला. पोशीने त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने तळवा चाचपला. घट्टे गेले होते.

"तुझा हात असा मऊ कसा झाला रं?" ती म्हणाली. "तठं तुला काम नाय देत काय?"

नवसूने सांगितलं, की तिथे डोक्याचं काम असतं. पोशीने मान डोलावली, पण तिला ते काही पटलं नाही. खरं म्हणजे त्यालाही पटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मोजणीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मोजणीचं एक यंत्र असतं. तिपाईवर दुर्बीण आणि दुर्बिणीला पाण्याच्या बुडबुड्याची नळी. बुडबुडा मधोमध आणला की दुर्बिणीतून अगदी आडवी रेघ दिसायला पाहिजे. यंत्रात खोट असली तर ती रेघ किंचित वर किंवा खाली जाते. परीक्षा अशी, की एक खोट असलेलं यंत्र मैदानात ठेवायचं, एकेका मुलाने येऊन दोन खुंट्यांवरून मोजून खोट किती ते काढायचं आणि कागदावर लिहायचं. दोनशे फुटांवर पाऊण इंच, हे उत्तर होतं. प्रोफेसरांनी ते यंत्र कित्येक वर्षं तसंच ठेवलं होतं, दरवर्षी नवी खोट करायचा त्यांना कंटाळा. आणि 'पाऊण इंच' हा आकडा वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे तितकीच वर्षं तोंडी चालत आला होता. तो नवसूला मात्र कुणी सांगितला नव्हता.

सोळा मुलं. नवसूचा नंबर पाचवा. प्रोफेसर झाडाखाली खुर्ची टाकून वाचत बसले होते. लांबच्या खुंटीवर सोम्या नावाचा हमाल मोजपट्टी धरून उभा होता. नवसूने मोजलं, पुन्हा मोजलं, खोट पाऊण इंच निघाली. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच त्याला एखादं उत्तर स्वतःच्या हाताने सापडलं होतं. त्याने ते लिहिलं. मग त्याच हाताने खिशातून टोचणी काढली, दुर्बिणीमागचे बारीक स्क्रू हळूहळू फिरवले, सोम्याच्या पट्टीवर रेघ जिथे पडायला हवी तिथे आणली, स्क्रू घट्ट केले, भिंग रुमालाने पुसलं आणि उठला. मागून अजून अकरा जण यायचे होते. त्यांना बिघडलेलं यंत्र कसं द्यायचं?

दुरुस्त केल्याचं कागदावर लिहावं, हे त्याच्या मनातही आलं नाही. कारखान्यात दुरुस्त झालेलं हत्यार हातात घेतलं की कळतं, त्याची चिठ्ठी लिहून ठेवत नाहीत.

संध्याकाळी त्याने नेहमीसारखी सोम्याला यंत्रं कोठीत न्यायला मदत केली. ते पाचसात मुलांनी पाहिलं.

दोन दिवसांनी प्रोफेसरांनी काही कामासाठी ते यंत्र काढलं तर त्यात खोटच नव्हती. त्यांनी वर्गात विचारलं, यंत्राला हात कुणी लावला? नवसू लगेच उभा राहिला. म्हणाला, मी नीट केलं. कधी? माझ्या पाळीत. त्याला वाटलं होतं शाबासकी मिळेल, अगदीच नाही तर निदान रागावून सोडतील. पण प्रोफेसरांचा चेहरा पांढरा पडला. टेबलावर सोळा कागद होते आणि सोळाही कागदांवर 'पाऊण इंच' होतं. नवसूच्या मागून आलेल्या अकरा जणांनी बिनखोटीच्या यंत्रात पाऊण इंच खोट शोधून काढली होती. त्या अकरांत एका मोठ्या सरकारी इंजिनिअराचा मुलगा होता, एका सरदाराचा पुतण्या होता, आणि परचुरे होता.

म्हणजे आता दोनच गोष्टी खऱ्या असू शकत होत्या. एक तर अकरा जणांनी न मोजता आकडा लिहिला आणि प्रोफेसर वर्षानुवर्षं झाडाखाली झोपा काढत होते. नाहीतर डोंगरातल्या एका मुलाने संध्याकाळी कोठीत यंत्राशी चाळा केला. कॉलेजला यांतली कुठली गोष्ट खरी हवी होती, हे सांगायला नको. सोम्या हमाल आपणहून सांगायला गेला होता, की साहेब, स्क्रू फिरवला तेव्हा पट्टी मी धरली होती. त्याला बाहेर उभं करून ठेवलं आणि संध्याकाळी घरी जायला सांगितलं.

प्रिन्सिपॉलांनी नवसूला बोलावलं. ते चिडले नाहीत, उलट सौम्यच बोलले. म्हणाले, परीक्षा संपल्यावर अजाणतेपणी यंत्राला हात लावला, एवढं लिहून दे. मग एक वर्ष वाया जाईल, बस्स. पुढच्या वर्षी पुन्हा बस. प्रकरण इथेच राहील. लिहून देणार नसशील तर नाव काढून टाकावं लागेल.

नवसू खोलीवर आला. परचुरे खाटेवर बसला होता. तो रडवेला होऊन म्हणाला, "माझ्या पाळीला रेघ बरोबर येत होती. मला वाटलं माझंच चुकतंय. सगळे पाऊण इंच म्हणत होते." मग म्हणाला, "मी हे सांगितलं तर माझंही वर्ष जाईल, आणि दहा जणांचं जाईल."

नवसू त्याच्यावर रागावला नाही. त्याचा विचार वेगळ्याच वाटेने चालला होता. नाव काढलं गेलं तर कारभाऱ्यांचं दप्तर बंद. वावरचा, खरवंदचा, साकूरचा, कुठलाच मुलगा पुन्हा इथवर येणार नाही. आणि सही केली तर आपलं एक वर्ष जाईल आणि थोडी लाज जाईल. आपली लाज काय, ती तशीही खानावळीत दाराजवळ रोज जेवते. एका माणसाच्या खोट्याने मागच्यांची वाट मोकळी राहत असेल तर खोटं बोलावं, असं त्याने ठरवलं. आयुष्यात हा एकच हिशेब त्याने कागदाच्या भरवशावर केला, आणि तो चुकला.

त्याला इंग्रजी अर्ज लिहिता येत नव्हता. तो परचुरेने लिहिला. मनापासून लिहिला, प्रिन्सिपॉलांना दया यावी म्हणून शेवटी आणखी एक वाक्य घातलं, की मी डोंगरी मुलखातला व कारखान्यात वाढलेला असल्यामुळे या उच्च शिक्षणास लागणारी पात्रता आम्हा लोकांत अद्याप आलेली नाही. नवसूने त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, हे कशाला? परचुरे म्हणाला, अशी म्हणायची पद्धत असते, त्याला कुणी अर्थ लावत नाही. नवसूने सही केली. त्याचं अक्षर चांगलं होतं, उद्योगशाळेत रेखाटनात घोटलेलं. सही ठळक आली.

प्रकरण तिथेच राहिलं नाही. दरबारला वार्षिक अहवाल पाठवायचाच होता, त्याला तो अर्ज जोडला गेला. कारभाऱ्यांनी नवसूला परत बोलावलं. त्याने सगळं खरं सांगितलं, स्क्रू कधी फिरवला, सोम्याने काय पाहिलं, परचुरे काय म्हणाला. कारभाऱ्यांनी ऐकून घेतलं. मग अर्ज पुढे सरकवून एकच विचारलं, ही सही तुझी का? तो हो म्हणाला. कारभाऱ्यांनी त्याला दरबारच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून ठेवून घेतलं, आणि तेवढी दया त्यांनी केली हे कबूल करायला हवं.

पुढे वर्षं गेली. ढवळू गेला, मग पोशी गेली. नवसूने लग्न केलं, बायको चैती खोडाळ्याची, इंग्रजी हद्दीतली. हाताला पुन्हा घट्टे आले. काम तो चोख करायचा, पण नवीन काही मांडून बघावं, ओढ्यावर पूल बांधावा, पाणी वर चढवावं, असं काही त्याने कुणाला कधी सुचवलं नाही. मोडलेलं नीट करायचं आणि घरी जायचं. त्याच्या हुशारीतलं जे निम्मं होतं ते खरंच कुठेतरी राहून गेलं होतं, एवढ्यापुरते ते चावडीवरचे टवाळ बरोबर होते.

एकोणीसशे एकतीसच्या पावसाळ्यानंतर जिव्या त्याच्याकडे आला. वीस वर्षांचा, वावरचाच, त्याच नाशिकच्या उद्योगशाळेतून पहिला आलेला. कारभारी आता नवे होते. जिव्याने कॉलेजसाठी दरबारकडे अर्ज केला होता आणि उत्तर आलं होतं. नवसू दरबारच्या कोठीची दारं बसवत होता, त्याने हात पुसले आणि दोघं लाकडाच्या ओंडक्यावर बसले. जिव्याने घडी उलगडून कागद वाचला. सुरुवातीला सरकारी मजकूर होता. मग असं, की पूर्वी याच गावच्या एका विद्यार्थ्यास दरबारने पाठविले असता, या उच्च शिक्षणास लागणारी पात्रता आम्हा लोकांत अद्याप आलेली नाही, असे त्याने स्वतः लिहून दिले आहे. सबब अर्ज नामंजूर.

जिव्याने कागद खाली केला. तो भांडायला आला नव्हता. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

"हा तुम्ही लिहिलां?"

"लिहिलां दुसऱ्यानं. सही माझी."

"खरा होता काय?"

"नाय."

"मग सही कां केली?"

या प्रश्नाचं उत्तर नवसूजवळ आठ वर्षं तयार होतं. कारभाऱ्यांनी ते विचारलं नव्हतं, चैतीने विचारलं नव्हतं, चावडीवर तर कुणी विचारणारच नव्हतं. एकदा तरी कुणी विचारावं असं त्याला फार वाटायचं.

"मागून कोणी यील," तो म्हणाला, "त्याला दार उघडा रहावा म्हणून."

जिव्या ओंडक्यावरून उठला.

"मग मी आलों ना, मिस्त्री," तो म्हणाला.

त्याने कागदाची घडी घातली, ती ओंडक्यावर ठेवली आणि वावरच्या वाटेला लागला. नवसू बसून राहिला. दाराची एक बिजागरी अजून लावायची होती, ती त्या दिवशी तशीच राहिली.